पुणतांब्याच्या लंकाबाई

डोळ्यांच्या दवाखान्यासाठी एक वाटाड्या पेटी करून द्यायची, एवढंच काम होतं. उजागरे सरांनी ते चहाचा कप हातात असताना कबूल केलं आणि कप खाली ठेवेपर्यंत त्यांच्या मनात पेटीला रंगसुद्धा देऊन झाला होता.

इमॅन्युएल उजागरे सावेडीतल्या एका दुमजली सोसायटीत तळमजल्यावर राहत आणि नगरमधल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. माणूस अत्यंत सरळ, पण अंग एकीकडे आणि मन भलतीकडे ही त्यांची कायमची अवस्था. वर्गात फळ्यावर सर्किट काढता काढता त्यांना त्यातून वीज वाहताना दिसू लागे. मग ते तिच्या काठाकाठाने चालत कुठच्या कुठे निघून जात आणि मुलं वह्या मिटून शांतपणे त्यांची वाट बघत बसत. प्रेमदान चौकात घराकडे वळायचं विसरून स्कूटरवर सरळ पुढे जाणं हे तर इतकं नेहमीचं झालं होतं की, चौकातला फळवालाच हाक मारून त्यांना वळवत असे. त्यांची पत्नी हन्नाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. संसाराला एक तरी जागेवर असलेलं मन लागतं. ते त्यांनी पुरवलं होतं.

काम आणलं गोरक्षनाथ वाकचौरे यांनी. पुणतांब्याच्या अलीकडे, पेरूच्या बागांमध्ये एक धर्मादाय नेत्र रुग्णालय होतं, त्याचे हे सचिव. सफारी सूट, खिशाला पेनं, आणि बोलणं कायम ठरावाच्या भाषेत.

"सर, दारावरचा आमचा शिपाई काम सोडून गेला," वाकचौरे म्हणाले. "का, तर दिवसभर एकच प्रश्न. केसपेपर कुठं, डॉक्टर कुठं, थेंब कुठं घालतात. शेवटी त्याला झोपेत 'उजवीकडं, उजवीकडं' असं ओरडायची सवय लागली म्हणे. बायकोनंच नोकरी सोडायला लावली. तेव्हा विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन असं आलं, की यंत्र बसवावं. यंत्राला बायको नसते."

सरांनी सेवा म्हणून पेटी करून द्यायचं ठरवलं आणि नाताळच्या सुट्टीत केलीसुद्धा. सुबक पेटी होती. सात बटणं, प्रत्येकाखाली टाइप केलेली चिठ्ठी, बाजूला बाण दाखवणारे लाल दिवे. सरांची भाची हेलन त्या वेळी सुट्टीला आली होती. ती अहमदाबादला डिझाइनच्या कॉलेजात शिकत होती. डिझाइन म्हणजे साड्यांची नक्षी अशी सोसायटीची समजूत होती, आणि ती खोडून काढण्याचा नाद हेलनने सोडून दिला होता. तिने पेटी उचलून नाकाजवळ धरली.

"मामा, हे कुठल्या दवाखान्यासाठी?"

"डोळ्यांच्या."

हेलन नुसती त्या मुंगीएवढ्या अक्षरांकडे बघत राहिली. सरांना थोड्या वेळाने कळलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"वापरणार कोण ही पेटी?" तिने विचारलं.

"सगळे."

"सगळे कसे दिसतात? मामा, आमचे एक सर परदेशातून नवीनच काही शिकून आलेत. ते म्हणतात, सगळ्यांसाठी वस्तू करायला गेलं की ती कुणाच्याच हाताला बसत नाही. एकच माणूस डोळ्यापुढे आणायचं. त्याला नाव द्यायचं, गाव द्यायचं, वय, सवयी, भीती, सगळं द्यायचं, आणि त्याच्यासाठी करायचं. त्याला पर्सोना म्हणतात. पण हे माणूस मनाने नाही रचायचं हं. आधी खऱ्या माणसांना भेटायचं, त्यांच्या हातात वस्तू देऊन बघायची, मग त्यातून..."

पण 'भीती' या शब्दापाशीच सर निघून गेले होते. पुढचं सगळं वाक्य ओट्यावरच्या कुकरने ऐकलं.

त्याच संध्याकाळी गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीवर सर डोळे मिटून बसले होते, तेव्हा लंकाबाई आल्या. गोदावरीवरून येणारी पायवाट होती, दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि उसाच्या पात्यांचा सरसर आवाज चालला होता. त्यातून एक ठेंगणी, सावळी बाई हळूहळू चालत आली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर आडवा धरलेला तळहात. वय साठीच्या पुढे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दवाखान्याच्या दारात येऊन ती थांबली, आणि कुणाला विचारावं ते न कळून पिशवीचे बंद नुसती पिळत राहिली. सरांचा जीव कळवळला. त्यांनी डोळे उघडले आणि पेटीची सगळी बटणं उपटून टाकली.

आता नवल असं की सर त्यानंतर कधी एकटे राहिलेच नाहीत. जेवताना भाकरी हातात धरून ते म्हणायचे, "बटण एवढं हवं. लंकाबाईंना भाकरी ओळखता येते." हन्नाबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वरणाची वाटी हातातच राहिली.

"कोण लंकाबाई?"

"पुणतांब्याच्या."

"बऱ्याच दिवसांची ओळख?"

"मंगळवारपासून. अगं, साठीच्या पुढच्या आहेत त्या. दिसत नाही त्यांना."

"म्हणूनच तुमच्याशी जमलं असेल," हन्नाबाई म्हणाल्या. पण खरा प्रकार कळल्यावर त्यांनाही त्या बाईची काळजी वाटू लागली. एवढ्या लांबून एकटी का येते? घरात कुणी नाही का?

हा प्रश्न त्यांनी वरच्या मजल्यावरच्या जोर्वेकरांसमोर काढला, आणि तिथून लंकाबाई सोसायटीच्या झाल्या. राधाकृष्ण जोर्वेकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते. जिल्ह्यातल्या प्रत्येक पाटावर आपण उभे राहिलो आहोत, त्यामुळे पाण्यापासून माणसांपर्यंत सगळं आपल्याला कळतं, असा त्यांचा समज होता. त्यांनी लगेच निकाल दिला, "नवरा वारलेला असणार."

"कशाला मारता बिचाऱ्याला?" हन्नाबाई कळवळून म्हणाल्या. "असेल की गव्हाला पाणी धरत."

"मग तो बरोबर का येत नाही?"

"पाळीपाळीने येतं ना पाणी? त्याच दिवशी नेमकी पाळी असेल."

पाटबंधाऱ्याचंच कारण आल्यामुळे जोर्वेकरांना नमतं घ्यावं लागलं आणि नवरा वाचला. मात्र गुडघेदुखी त्यांनी लंकाबाईंना दिलीच. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरची सभा त्या रविवारी लंकाबाईंच्या सुनेवर घसरली. सून वाईट नाही, पण तोंडाने फटकळ आहे, असं बहुमताने ठरलं. टाकीचा विषय पुढच्या महिन्यावर गेला.

समोरच्या घरातल्या यशोधरा भिंगारदिवे एवढंच म्हणाल्या, "सर, तिला दिसत नाही ना? मग बोला की तिच्याशी." यशोधराताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होत्या. ट्रंक कॉलच्या जमान्यात त्यांनी 'थांबा, जोडून देते' म्हटलं की नगर जिल्ह्यातली तापट माणसं रिसीव्हर कानाला लावून मुकाट बसत, असा तो आवाज होता. सायीसारखा. पेटीचा आवाज त्यांचाच, हे तिथल्या तिथे ठरलं.

मुंबईहून आवाज साठवणारी चिप मागवली. तिच्यात जेमतेम वीस सेकंदांचं बोलणं मावायचं. मजकूर लिहायची जबाबदारी जोर्वेकरांनी स्वतःकडे ओढून घेतली. 'सन्माननीय नेत्ररुग्ण बंधू-भगिनींनो, आपणांस सविनय कळविण्यात येते की सदरहू रुग्णालयामध्ये' इथे पहिली चिप संपली. जोर्वेकर म्हणाले, दुसरी जोडा. सर जन्मात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडले, "लंकाबाईंना घाबरवायचं आहे का तुम्हाला?" जोर्वेकर दोन दिवस जिन्यात भेटले तरी भिंतीकडे बघत होते.

शेवटी सरांनी स्वतःच लिहिलं आणि यशोधराताई आपल्या सायीच्या आवाजात म्हणाल्या, "या. बरं झालं आलात. घाबरू नका. आता उजव्या हाताला वळा, आणि भिंतीला हात लावून सरळ चालत जा. पुढचं दार उघडंच आहे. आत आपलीच माणसं आहेत."

पेटीवर एकच पिवळंधमक बटण होतं, भाकरीएवढं. सरांनी ते दाबलं. सगळी सोसायटी ऐकत होती. 'आपलीच माणसं आहेत' झाल्यावर जोर्वेकर चष्मा पुसत म्हणाले, "मजकूर तसा ठीक आहे." आणि अबोला सुटला.

इथे थांबायला हवं होतं. पण वाकचौऱ्यांनी चाचणीचा अहवाल मागितला. मंडळापुढे कागद गेल्याशिवाय पेटी भिंतीवर जात नाही, असा तिथला नियम. सरांनी गॅलरीत बसून, डोळे मिटून चाचणी घेतली आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. 'लंकाबाई, राहणार पुणतांबा, या प्रथम पेटीसमोर काही काळ थबकल्या. त्यांनी बटण हाताने चाचपले. आवाज ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. त्यांनी पदर सावरला आणि त्या न अडखळता चालू लागल्या.' लिहिताना आपण खोटं लिहितो आहोत असं सरांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी स्वतः बघितलं होतं.

आठवड्याभरात वाकचौऱ्यांचा फोन आला.

"सर, अभिनंदन! मंडळानं एकमतानं ठराव केला. पेटीचं पहिलं बटण लंकाबाईंच्याच शुभहस्ते दाबायचं. साडी-चोळी, नारळ, फोटो. पाहुणे म्हणून साखर कारखान्याचे संचालक येतायत. पत्रिका छापायला टाकतोय. बाईंचं आडनाव तेवढं सांगा."

सरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. आत्ता सांगून टाकावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण फोनच्या त्या टोकाला मंडळ होतं, आणि या टोकाला अहवालाखाली त्यांची सही होती. त्यांच्या तोंडून शब्द गेले, "त्या आडनाव लावत नाहीत."

"वा!" वाकचौरे गहिवरले. "थोर बाई."

हन्नाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आता ती बाई शोधून आणा, नाहीतर खरं सांगा."

सर आणि जोर्वेकर तारकपूरहून एस.टी.त बसले ते श्रीरामपूरला उतरून, दुसरी गाडी धरून पुणतांब्याला पोचले. सगळ्या वाटेने जोर्वेकर लंकाबाईंच्या वर्णनात दुरुस्त्या सुचवत होते. चांगदेवाच्या देवळापाशी चार माणसं बसली होती, त्यांना सरांनी विचारलं, "लंकाबाई कुठं राहतात?"

"कोन्ती लंकाबाई? आमच्यात येकच हाय. पन तुमाला ती कशापायी पायजे?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी होती. "मागं येक विमावाले आल्ते. गेल्ते तिच्या वस्तीवर. पुन्हा न्हाई आले."

त्या एकमेव लंकाबाई चांगल्या सहा फुटी होत्या. त्या वस्तीसमोर उभ्या राहून दूरच्या शेतातल्या गड्याला हाका मारत होत्या आणि त्याने विडी पेटवलेली त्यांना इथून दिसत होती. सरांनी चाचरत सगळं सांगितलं.

"माज्या डोळ्याला काय बी झालं न्हाई," लंकाबाई म्हणाल्या. "त्या तिकडं बाभळीवर होला बसलाय, त्याची मान कोन्या अंगाला हाय सांगू? मी कशाला येऊ दवाखान्यात? आन् माजं नाव पत्रिकेत कुनाला विचारून घातलं?"

जोर्वेकर सरांच्या मागे सरकले. हा माणूस जिल्ह्यातल्या प्रत्येक पाटावर उभा राहिला होता, पण लंकाबाईंसमोर उभं राहणं त्याला जमलं नाही.

दोघं मान खाली घालून निघाले, तेव्हा शेजारच्या छपरातून बारीक आवाज आला, "मी येऊ का?"

कुडाला धरून एक बाई उभी होती. ठेंगणी, सावळी. डोळ्यांवर आडवा तळहात. लुगडं मात्र हिरवं नव्हतं.

"माजं नाव झुंबरबाई. पन तुमी लंका म्हना न्हाईतर काय बी म्हना. त्या दवाखान्यात मी गेल्ते येकदा. कुनाला इचारावं कळंना. येका रांगंत बसले. सांच्याला कळलं ती चष्म्याची रांग हुती. तशीच घरी आले आन् ल्येकाला सांगितलं, डाक्टर म्हनला डोळं चांगलं हायेत." ती ओशाळून हसली. "आता त्याला वाटतं मला दिसतंय. मी बी तसंच वागती."

सर पुढे झाले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आजी, मी तुमच्यासाठीच पेटी केली आहे." सरांना ते अगदी खरं वाटत होतं.

समारंभाचा दिवस फेब्रुवारीतला, उन्हाचा आणि पेरूच्या वासाचा होता. सोसायटी टेम्पो करून आली होती. सर दवाखान्याच्या दारातून आत शिरले आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना, कारण तेवढ्यात दुसरंच संकट समोर आलं. पहिल्या रांगेत, मधोमध, सहा फुटी लंकाबाई बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ. मागे गावातल्या बाया.

"माज्या नावाची साडी मी दुसरीला नेऊ द्यीन व्हय?" त्यांनी सरांना तिथूनच विचारलं. शेजारी झुंबरबाई अंग चोरून बसली होती.

"तर आता," वाकचौरे माइकवर म्हणाले, "ज्यांच्यामुळे हे यंत्र घडलं, त्या लंकाबाईंना मी विनंती करतो..."

दोघीही उठल्या. झुंबरबाईला उठायला कुणीतरी शिकवलं होतं, लंकाबाईंना शिकवायची कुणाची छाती नव्हती. दोन लंकाबाई बघून मंडळात कुजबुज झाली. वाकचौऱ्यांनी ठराव आठवून बघितला. ठरावात संख्या नव्हती. त्यांनी दोघींना पुढे घेतलं.

लंकाबाईंनी बटणावर थापटी मारली. यशोधराताईंचा आवाज दालनात पसरला, "या. बरं झालं आलात. घाबरू नका..."

"मी कशाला घाबरू?" लंकाबाई पेटीला म्हणाल्या.

"आता उजव्या हाताला वळा..."

आणि सरांना एकदम कळलं काय चुकलं होतं ते. पेटी समोरच्या भिंतीवर होती! त्यांनी मापं घेतली होती ती डाव्या हाताच्या भिंतीची. तिथे फोटोत ऊन येतं म्हणून मांडववाल्याने सकाळी पेटी उचलून समोर लावली होती. आता पेटीकडे तोंड करून उभं राहिलं की डॉक्टर डावीकडे आले होते आणि उजवीकडे राहिला होता तो स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ.

सर ओरडले, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. पेटीचा मान राखायला म्हणून संचालकसाहेब हार गळ्यात ठेवूनच उजवीकडे वळले. त्यांच्यामागे मंडळ, मंडळामागे जोर्वेकर, सगळे भिंतीला हात लावून सरळ चालत गेले. पुढचं दार उघडंच होतं. आत शिऱ्याचं पातेलं उतरवत असलेली माणसं होती. संचालकसाहेब आत शिरले, मागच्यांनी त्यांना आणखी आत ढकललं, आणि हाराचं टोक शिऱ्यात बुडालं.

लंकाबाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. त्या डावीकडे गेल्या. त्यामुळे त्या वेळी डॉक्टरांपर्यंत पोचलेली व्यक्ती एकच, जिला डोळ्यांचं काही झालं नव्हतं ती. डॉक्टरांना वाटलं समारंभाचा रुग्ण आला. त्यांनी सवयीने खुर्चीत बसवलं, मान मागे केली आणि बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. थोड्या वेळाने लंकाबाई डोळ्यांपुढे हात हलवत बाहेर आल्या आणि त्यांचा आवाज पेरूच्या बागेच्या पलीकडे गेला, "अगं आई गं! घालवलं माजं डोळं! चांगली बाई आंधळी केली ह्या पेटीवाल्यानं!"

त्यांना संध्याकाळपर्यंत दिसायला लागेल हे पटवून देण्यात मंडळ गुंतलं. शिऱ्याचा हार धुण्यात हन्नाबाई गुंतल्या. आणि सरांच्या लक्षात आलं की झुंबरबाई कुठेच नाही.

ते बोळातून धावले. स्वयंपाकघराला मागचं दार होतं, तेही उघडं होतं. बाहेर कपडे वाळत घातलेले, पलीकडे कुंपणात फट, आणि मग पेरूची बाग. पानांमधून उन्हाचे कवडसे पडले होते आणि सगळीकडे पिकल्या फळांचा गोड, जड वास होता. सर हळू चालू लागले. का कोण जाणे, त्यांना घाई करवेना. गॅलरीत डोळे मिटल्यावर जसं असायचं, तसंच सगळं होतं. पानांची सळसळ, पायवाट, आणि पाटाच्या कडेला, झाडाला टेकून बसलेली ती.

"आजी," सर म्हणाले.

"आलं का डाक्टर?" झुंबरबाईने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "बाई लई गोड बोलती तुमची. म्हनली सरळ जा. मी आले सरळ. भित सपली, मग झाडाला हात लावत आले. हितं गार हाय. म्हनलं, हीच दवाखान्याची खोली आसंल. माजी काय घाई न्हाई."

सर तिच्याजवळ मातीत बसले. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना लाज वाटली, तीही अशी की कुणापुढे लपवावीशी वाटेना. "आजी, पेटी चुकली. म्हणजे मी चुकलो. इथं डॉक्टर नाहीत. हा पाट आहे."

"व्हय का?" तिच्या सगळ्या सुरकुत्या हलल्या आणि ती पोट धरून हसायला लागली. "तरीच म्हनलं, दवाखान्यात बेडूक कसं!"

सरही हसले. मग त्यांनी तिचा हात धरून तिला उठवलं आणि बागेतून, फटीतून, बोळातून, थेट डॉक्टरांच्या खोलीपर्यंत नेलं. खुर्चीत बसेपर्यंत तिने त्यांचं मनगट सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, पण वेळेत आल्या, आता काढता येईल.

जाण्याआधी सरांनी वाकचौऱ्यांना बाजूला घेतलं. "साहेब, खरं सांगतो. लंकाबाई नाहीच कुणी. मी मनाने रचली होती."

वाकचौऱ्यांनी शांतपणे बोट दाखवलं. पलीकडे खुर्चीत डोळ्यांवर ओला रुमाल आणि मांडीवर साडी घेऊन लंकाबाई मंडळाला शिव्या देत होत्या. "नाही कशा? त्या काय बसल्यात. सर, तुम्हाला ऊन लागलंय. आणि ठराव झालाय. आता त्या आहेतच."

पेटी मात्र सरांनी त्याच दिवशी, मांडववाल्याशी भांडून, ठरलेल्या भिंतीवर लावली. लावल्यावर डोळे मिटून बघितलं नाही. ओपीडीत बसलेल्या माणसांना एकेक करून बटण दाबायला लावलं आणि शेवटचा म्हातारा बरोबर खोलीत जाईपर्यंत ते बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून थकला.

खरं कळल्यावर झुंबरबाईचा मुलगा दुसऱ्याच आठवड्यात तिला घेऊन आला. ऑपरेशन झालं. पट्टी निघायच्या दिवशी सर आणि हन्नाबाई मुद्दाम एस.टी.ने गेले. झुंबरबाई खाटेवर काळा चष्मा लावून बसली होती आणि खिडकीतून दिसेल ते मोठ्याने सांगत होती. बैल, सायकल, बादली, लाल साडीची बाई.

"आजी, ओळखलंत का?" सर म्हणाले.

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि सरांकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बघायला फार वेळ लागला नाही, कारण सर उंचीने बेताचेच, अंगाने काटकुळे, आणि वर टक्कल.

"कोन तुमी?"

"मी पेटीवाला."

"तुमी?" तिचा चेहरा पडला. "न्हाई, न्हाई. त्यो सायब मला ठावं हाय. त्यो ह्या दारायेवढा उच्च हाय. मिशा हायेत. डोईला काळंभोर क्यास. मी त्याच्या हाताला धरून बागंतनं आले न्हाई का? मला येवढं बी कळंना व्हय?"

सरांनी नकळत टकलावरून हात फिरवला. झुंबरबाईला एकदम त्यांची दया आली असावी.

"आवाज तेवढा त्यांच्यावानी हाय तुमचा. धाकले भाऊ का त्यांचे?"

सरांनी हन्नाबाईंकडे बघितलं. हन्नाबाई चेहरा जराही न हलवता म्हणाल्या, "हो आजी. धाकटे."

"मंग सांगा त्यांना," झुंबरबाई म्हणाली, "झुंबरीला दिसतंय म्हनावं. आन् रामराम सांगितलाय."

"सांगतो," सर म्हणाले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. बाहेर ऊस मागे पळत होता. हन्नाबाईंनी दोनदा काहीतरी विचारलं, पण त्यांना ऐकू गेलं नाही. राहुरी गेली, विळद गेलं. तारकपूरला गाडी थांबली, तेव्हा दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून सर चांगले वाकून उतरले.